उंबऱ्यावरचा झेंडू

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, परळच्या एका जुन्या धर्मादाय इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, दर्शनाची कातडी मेलेली सापडली.

दर्शना स्वतः जिवंत होती. दोन मजले खाली, भाजलेल्यांच्या वॉर्डात, ऑपरेशनची वाट पाहत पडून होती. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्या भाजताना कढईतलं तेल पेटलं आणि पाठ, खांदे, दोन्ही दंड पोळून निघाले. एका ठिकाणची काढून दुसऱ्या ठिकाणी लावावी एवढी धड कातडीही अंगावर उरली नव्हती. म्हणून डॉक्टरांनी तिच्या काखेतून टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा घेतला, त्यातल्या पेशी सुट्या केल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, उबदार कपाटात, गुलाबी द्रवाने भरलेल्या चपट्या पारदर्शक बशांत वाढायला ठेवल्या. घरोघर घटातलं धान्य रुजत होतं तेव्हा इथे दर्शनाची कातडी रुजत होती. पेशी पेशीला बिलगली आणि दुधावर साय धरावी तसा बशीबशीत पडदा धरला. आज दुपारी तो तिच्या पाठीवर बसवायचा होता.

आणि आज सकाळी कपाट उघडलं तर द्रव पिवळा पडलेला, गढूळ, आणि पडद्याच्या चिंध्या त्यात तरंगताहेत. कपाटाच्या माथ्यावर एक झेंडूचं फूल. कपाटाच्या दारावर हळदकुंकवाचं बोट.

इंदूताईंना बोलावणं आलं तेव्हा त्या नुकत्याच चपला घालून घराबाहेर पडल्या होत्या. इंदुमती घाडी पोलिसांतून उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या आणि आता इस्पितळाच्या सुरक्षेचं काम बघत. नवरात्रात त्या अनवाणी राहत. काल व्रताची सांगता झाली, आज एकादशी, आणि नऊ दिवस मोकळ्या राहिलेल्या पायांना चप्पल चावत होती.

प्रयोगशाळेच्या दाराशी पायताणांचं कपाट होतं. बाहेरच्या चपला तिथे काढायच्या, आतल्या पांढऱ्या सपाता घालायच्या, अंगरखा चढवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. इंदूताई सपाता घालायला वाकल्या आणि त्यांची नजर उंबऱ्याच्या सांध्यात गेली. संगमरवर स्वच्छ पुसलेला होता, पण सांध्यात लालसर रेघ राहिली होती. बोटाने खरवडली. कुंकू.

आत प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. हितेंद्र उभे होते. मृदू बोलणारा, नीटनेटका माणूस. त्यांनी सगळं समजुतीने सांगितलं. काम गुणाजीचं, सफाईला येतो तो. परवा खंडेनवमी, त्याने यंत्राची पूजा केली असणार. कपाट उघडून आतही फूल फिरवलं असेल. फुलावरची बुरशी, हळदीतले जंतू, एवढं पुरतं. कुणाच्या भक्तीला आपण काय बोलणार, पण गोष्ट लवकर मिटावी, कारण शेजारच्या कपाटातला त्यांचा स्वतःचा प्रयोग पाहायला आज पैसा मंजूर करणारी समिती येतेय. कातडी निम्म्या वेळात वाढवणारा नवा द्रव. मेलेल्या बशा त्यांनी नाश करायच्या पिशवीत भरून तोंड बांधूनही टाकलं होतं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉ. माया साळवे दाराशीच भिंतीला टेकून उभ्या होत्या. इंदूताईंनी विचारलं, पुन्हा वाढवता नाही का येणार?

"येईल. तीन आठवडे लागतील," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे तीन आठवडे नाहीत. जखम उघडी आहे, ताई. ताप चढायला लागलाय."

इंदूताईंनी वहीही उघडली नाही. एवढंच विचारलं, की हा गुणाजी कुठे भेटेल.

"खाली वॉर्डात," डॉ. माया म्हणाल्या. "दर्शनाचा बाप आहे तो."

२

गुणाजी वॉर्डाबाहेरच्या जिन्याच्या पायरीवर बसला होता. ऐन तरुणपणी गिरणीत चिकटलेला, गिरणी गेली तसा इस्पितळात सफाईला लागलेला, साठीकडे झुकलेला माणूस. हितेंद्रांनी त्याला सकाळीच सुनावलं होतं आणि त्यातला शब्द न् शब्द त्याने स्वतःच्या अंगाला लावून घेतला होता. इंदूताई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. दोघंही मालवणकडची, त्यामुळे बोलणं आपोआप घरच्या भाषेत उतरलं.

"दादा, खरा सांगा. आत गेल्लात?"

"नाय, बाय. उंबऱ्यार फूल ठेवलंय, कुंकू लावलंय, थंयसूनच हात जोडलंय." तो थांबला. "मिलात खंडेनवमीक आमी मशीन बंद ठेवून पूजा करीत होतव. ह्या मशीन बंद करूचा नाय, माका ठावक आसा. तेच्यात माझा चेडू वाढता."

मग त्यानेच विचारलं. उंबऱ्यावरचं फूल वाऱ्याने आत गेलं असेल काय? त्याच्या फुलानेच पोरीची कातडी खाल्ली असेल काय? तसं असेल तर त्याला कुणी नोकरीवरून काढायची गरज नव्हती, तो आपणच जाणार होता; पोरीला तोंड कसं दाखवायचं एवढंच त्याला कळत नव्हतं.

इंदूताईंनी विचारलं की रोज लादी पुसायला आत जाता, मग परवाच दारात का थांबलात? गुणाजी गप्प झाला. दोनदा विचारलं, दोनदा त्याने मान खाली घातली. लपवणाऱ्या माणसाची गप्प बसण्याची तऱ्हा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली होती आणि ही अगदी तशीच होती. संशय घ्यायलाच हवा होता, त्यांनी तो घेतला.

मग त्यांची नजर त्याच्या पायांवर गेली.

पाय अनवाणी होते. टाचांना भेगा, भेगांत रस्त्याचं डांबर, एका अंगठ्याला चिंधी. नवरात्रात असे पाय लालबागच्या प्रत्येक चाळीत दिसतात. पण नवरात्र काल संपलं होतं. हे पाय नऊ दिवसांचे नव्हते आणि त्यांचं व्रत अजून सुटलेलं नव्हतं.

इंदूताईंनी पुढचं विचारलंच नाही. बोललेला नवस बोलून दाखवायचा नसतो, हे त्या जाणत होत्या. पोरीच्या अंगावर कातडी धरेपर्यंत पायात काही घालणार नाही, असं या माणसाने आपल्या देवीला सांगितलेलं होतं. आणि प्रयोगशाळेत सपाता घातल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

हा माणूस त्या खोलीत गेलाच नव्हता. मग फूल कोणाच्या पायांनी आत गेलं?

३

अंदाज झाला, पण अंदाजाला टेकू हवा. प्रयोगशाळेच्या दाराच्या कुलुपाचे आकडे चौघांनाच ठाऊक होते. गुणाजी, हितेंद्र, बशांची रोजची देखभाल करणारी संशोधक अक्षदा आणि तंत्रज्ञ सम्यक. मजल्यावरचा कॅमेरा लिफ्टकडे तोंड करून बसवलेला, जिन्याने येणारा त्यात दिसत नव्हता.

सम्यक धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आईला घेऊन नागपूरला गेला होता, अजून परतलेला नव्हता. त्यांनी फोन लावला. मागे माणसांचा गलका चालू होता. खंडेनवमीला दुपारीच गाडीत बसल्याचं त्याने सांगितलं आणि मग स्वतःहून म्हणाला, "ताई, गुणाजीकाका आत जाऊच शकत नाहीत. किती दिवस झाले, आतली लादी मीच मारतोय, काका माझा बाहेरचा कचरा उचलतात. असंच पाहिजे म्हणाले. विचारलं का, तर हसले नुसते."

म्हणजे सम्यकही यादीतून गळला. राहिले दोघं.

इंदूताई पुन्हा वर गेल्या. फूल अजून कपाटाच्या माथ्यावर होतं. हितेंद्रांनी ते पुरावा म्हणून तसंच ठेवायला सांगितलं होतं. चिमट्याने उचललं. दोन दिवसांचा झेंडू, पाकळ्या एका बाजूने दबलेल्या, जणू कुणीतरी मुठीत नाहीतर खिशात घालून आणला होता. आणि खालच्या बाजूला, पाकळ्यांच्या ओलसरपणाला चिकटून, एक पान होतं.

जोडपान. मधोमध दुमडलेलं, जनावराच्या खुरासारखं. आपटा.

इंदूताई ते पान हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. आपट्याचं पान खंडेनवमीच्या पूजेत येत नाही. ते दसऱ्याला हातात येतं, सोनं म्हणून, माणसं ते कपाळाला लावतात आणि खिशात टाकतात. गुणाजीने फूल नवमीच्या संध्याकाळी उंबऱ्यावर ठेवलं. दसऱ्याला, प्रयोगशाळा बंद असताना, कुणीतरी ते उचललं, खिशात घातलं, कुंकू पुसलं आणि आत येऊन कपाटावर पूजा मांडली. ज्या खिशात सोनं होतं त्याच खिशात झेंडू गेला.

खाली वॉर्डात त्यांनी परिचारिका रुपालीला सहज विचारल्यासारखं विचारलं, काल दर्शनाला भेटायला कोण कोण आलं होतं?

"काल कोण येणार, ताई, सगळे घरी," रुपाली म्हणाली. "ती वरची अक्षदा तेवढी आली होती. एवढी आपट्याची पानं घेऊन. सगळ्या पेशंटना सोनं वाटलंन."

४

अक्षदा कॉटन ग्रीनच्या चाळीतली, अंगाने बारीक, बोलायला चुटचुटीत. आज मात्र ती उपाहारगृहाच्या कोपऱ्यात बंद डबा समोर ठेवून बसली होती आणि डोळे सुजले होते. इंदूताई समोर बसल्या. काल वर गेली होतीस का, विचारल्यावर तिने इतक्या घाईने नाही म्हटलं की त्यांना ते आवडलं नाही.

मग जरा थांबून तिनेच सांगितलं. जायचं मनात होतं. जिन्यापर्यंत गेली होती. पण हितेंद्र सर म्हणाले होते, सणाचं घरी राहा, बशा मी बघतो. वर गेली असती तर सरांवर विश्वास नाही असं झालं असतं.

"तुझ्यावर कुणी विश्वास ठेवावा म्हणतेस?"

"नाही ठेवला तरी चालेल. तेवढी दर्शनाची सोय करा काहीतरी. नवमीला मी द्रव बदलला तेव्हा झकास होतं सगळं. असा सलग पडदा मी पहिल्यांदा बघितला, ताई."

इंदूताईंनी विचारलं, हळदीने द्रव पिवळा होतो का? अक्षदाने मान हलवली. हळदीचा रंग नाही तो. जंतू वाढले की द्रव आंबतो, आणि आंबला की गुलाबीचा पिवळा होतो. आणि इतका पिवळा, इतका गढूळ एका दिवसात? तिला ते सकाळपासून पटत नव्हतं, पण सरांसमोर बोलायचं कोणी. बोलता बोलता तिने समोरचा डबा नकळत उलटा केला.

डब्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

"हे काय गं?"

"ते होय? आईचं खूळ. चाळीत पूजेला सगळ्यांची भांडी एकत्र होतात ना. धुऊन झाली की झाकणं याची त्याला, त्याची याला. झाकणावर नाव घालून उपयोग नाही, आई म्हणते, खूण बुडाला पाहिजे."

इंदूताईंच्या घरीही पातेल्यांची बुडं तशीच रंगलेली होती. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "बशांना पण करतेस?"

अक्षदा उठून उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून पाहू लागल्या.

दोघी जिन्याने वर धावल्या. नाश करायची पिशवी अजून कोपऱ्यात होती. हातमोजे चढवून अक्षदाने गाठ सोडली. एकेक बशी निघू लागली. झाकणावर छापील चिठ्ठी, दर्शनाचं नाव, तिचा क्रमांक, सगळं जागच्या जागी. अक्षदाने पहिली बशी उजेडाकडे उचलून खालून बघितली. मग दुसरी. मग सगळ्या.

एकाही बुडाला ठिपका नव्हता.

"ही दर्शनाची नाहीच," ती म्हणाली.

"मग तिची कुठे आहे?"

अक्षदाने काचेच्या भिंतीपलीकडच्या खोलीकडे बघितलं. तिथे समिती बसलेली होती, आणि हितेंद्र एका बशीचं झाकण काढत होते. त्यांच्या उजव्या हाताशी निळा रंग भरलेली पिचकारी होती.

"पेशी दाखवायला रंग घालतात," ती कशीबशी म्हणाली. "रंग घातला की पडदा छान दिसतो, ताई. पण मरतो."

५

त्या खोलीलाही उंबरा होता आणि उंबऱ्याबाहेर सपाता. इतक्या घाईतही इंदूताईंनी सपाता बदलल्या. आत दर्शनाची कातडी उघडी होती. अक्षदा त्यांच्या आधी आत पोचली होती, पण सरांचा हात धरायचं धाडस तिच्याच्याने होत नव्हतं.

"डॉक्टर," इंदूताई म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात, "तेवढं झाकण परत ठेवा. मला बशीचं बूड बघायचंय."

हितेंद्र हसले. हे नवीन द्रवातले नमुने आहेत, म्हणाले, झाकणावर लिहिलंय. इंदूताईंनी ते मान्य केलं. झाकणावर लिहिलंय खरं. अक्षदाने बशी हातात घेतली, झाकली, आणि समितीतल्या सगळ्यांना दिसेल अशी उचलून धरली. गुलाबी द्रव, त्यात सायीसारखा सलग पडदा, आणि खाली एक लाल ठिपका.

मग इंदूताईंनी सांगायचं ते सांगितलं. तुमची नव्या द्रवातली खेप नासली, आणि समिती तर दारात. कालच्या सणात मजला मोकळा होता. तुम्ही शेजारचं कपाट उघडलंत, झाकणं बदललीत आणि बशा इकडच्या तिकडे केल्यात. उंबऱ्यावर फूल आयतंच मिळालं. ते खिशात घातलंत, त्या खिशात घरून मिळालेलं सोनं होतं, ते चिकटून वर आलं. ज्याच्यावर ढकललंत तो माणूस अनवाणी आहे, तो या उंबऱ्याच्या आत येत नाही, हे तुमच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. त्याच्या पायांकडे तुम्ही बघितलंच नसेल.

"हे अक्षदाही करू शकते," हितेंद्र म्हणाले. आवाज अजून तसाच मऊ होता. "काल ती इस्पितळात होती. पानंही तिच्याकडे होती."

"होती. माझाही संशय तिच्यावरच होता," इंदूताई म्हणाल्या. "पण बुडाला खूण तिचीच. नुसती झाकणं बदलून काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. झाकणावर भिस्त ठेवली ती कित्येक वर्षांत बशी हातात न घेतलेल्या माणसाने."

हितेंद्रांनी पिचकारी खाली ठेवली. मग ते समितीकडे नाही, डॉ. मायांकडे बघून बोलायला लागले; त्या धावाधाव ऐकून दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. द्रव चुकीचा नाही, एक खेप नासली एवढंच. आज समिती रिकाम्या हाताने गेली असती तर सगळं काम बंद पडलं असतं. निम्म्या वेळात कातडी वाढली तर पुढे किती दर्शना वाचतील याचा हिशेब करा. हिच्या थोड्या पेशी गोठवून ठेवल्यात, पुन्हा वाढवल्या असत्या.

"पुढच्यांचं मला सांगू नका," डॉ. माया म्हणाल्या. "हिला विचारलं होतंत?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. अक्षदाकडे वळून त्यांनी सांगितलं की प्रत्येक बशीतला थेंबथेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघ, द्रव निर्मळ असला तर वेळ न घालवता बशा खाली पाठव. आणि तू स्वतः घेऊन ये, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस.

द्रव निर्मळ होता. दुपार कलायच्या आत दर्शनाला ऑपरेशनला आत घेतलं. पोलीस आले तेव्हा हितेंद्र आपल्या खोलीत नीट खुर्चीत बसलेले होते, आणि इंदूताईंनी आपट्याचं ते पान एका पाकिटात घालून पोलिसांच्या स्वाधीन केलं. जिन्यात त्यांनी गुणाजीला गाठलं आणि त्याचं फूल निर्दोष असल्याचं सांगितलं. धुण्याचं पाणी भरलेली बादली त्याने हातातून खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

६

लावलेली कातडी धरते की नाही हे पट्टी सोडल्यावरच कळतं. तोवर इस्पितळात सगळे दर्शनाच्या पलंगाजवळून हळू चालत. डॉ. मायांनी पट्टी सोडली त्या दिवशी इंदूताई मुद्दाम वॉर्डात आल्या होत्या. पडद्यामागून आधी काहीच ऐकू येईना. मग दर्शनाचाच आवाज आला, कुरकुरणारा, की बघताय काय एवढं, मला थंडी वाजतेय.

डॉ. माया बाहेर आल्या. "धरली," म्हणाल्या. "एका कोपऱ्यात थोडी सुटलीय, ती भरून येईल."

संध्याकाळी इंदूताई तिसऱ्या मजल्यावर फेरीला गेल्या तर पायताणांच्या कपाटापाशी गुणाजी वाकलेला. तो पांढऱ्या सपाता चढवत होता. भेगाळलेल्या टाचा त्यात सहज जाईनात. त्याने त्या दोन्ही हातांनी, सावकाश, एकेक करून बसवल्या. त्याच्या शेजारी कागदाच्या पुडीत एक झेंडू होता. आतून अक्षदा म्हणाली, काका, फूल घेऊन या, मी वर ठेवते, आता काही होत नाही.

गुणाजीने मान हलवली. फूल त्याने पुडीतून काढलं, कपाळाला लावलं आणि उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवलं. मग रिकाम्या हातांनी उंबरा ओलांडून तो आत गेला आणि त्या उबदार, आता मोकळ्या पडलेल्या कपाटापुढे उभा राहिला.